रुखवतातलं हृदय

चिंध्या एकूण त्रेसष्ट निघाल्या: लाल एकोणचाळीस, निळ्या अठरा आणि चरबीपुरत्या पिवळ्या सहा. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या शलाकाने त्या पुस्तकातल्या आकृतीबरहुकूम जोडून स्वतःच्या रुखवतासाठी हृदयाची गोधडी शिवली. चार कप्पे, झडपा, धमन्या, सगळं जागच्या जागी.

आईने कपाळाला हात लावला. "अगं, पत्त्यातला बदाम काढायचास ना! हे खाटकाच्या दुकानातलं कशाला? मुलाकडचे काय म्हणतील?"

"बदामात रक्त फिरत नाही, आई."

लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाची आत्या गोधडीपुढे थबकली. "हे भरलं वांगं का?" बायका फिदीफिदी हसल्या. आई गोधडी गुंडाळायला धावली. शलाकाचे कान तापले.

तेवढ्यात मुलाचे थोरले काका काठी टेकत पुढे आले. "थांबा, विहीणबाई! सूनबाई, माझी दोनदा अँजिओप्लास्टी झाली, पण नळी नेमकी कुठे तुंबली ते डॉक्टरने धड सांगितलंच नाही."

शलाकाने रिपोर्टातलं धमनीचं नाव विचारून एका लाल पट्टीवर बोट ठेवलं. काकांच्या मागे रांग लागली. आत्याबाई तिसऱ्या होत्या.

पहिली पंगत चाळीस मिनिटं उशिरा बसली.