पुसलेला आलेख

"सगळे आलेख पुसतोय," भिंगकाका म्हणाले आणि नव्या केमिस्टच्या कपाळावर आठी पडली.

पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत शेवटची सही भिंगकाकांची, आणि त्यांची खोड सगळ्यांना ठाऊक. अहवाल साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचा. मजकुराच्या मधेच कोडच्या चार ओळी घालायच्या. त्या चालवल्या की आकड्यांवरून आलेख तयार होऊन खाली येऊन बसे. पण दुसऱ्याने बसवलेला आलेख काकांना चालत नसे. ते तो पुसत आणि आपल्या मशीनवर पहिल्या ओळीपासून सगळा कोड पुन्हा चालवत.

"अहो काका, हॉस्पिटलमधून दोनदा फोन येऊन गेला. डायलिसिसचे पेशंट खोळंबलेत. आलेख चांगला दिसत होता की! क्लोरीन मर्यादेच्या खाली."

"दिसत होता ना? म्हणूनच पुसला."

हा माणूस ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पिईल, असं ती मनात म्हणाली.

पडद्यावर नवी रेघ उमटली. बराच वेळ खालून सरळ गेली आणि शेवटाला लाल मर्यादा ओलांडून वर चढली.

तिला आपली चूक उमगली. सकाळी मीटरवरून नवे आकडे आले, तेव्हा तिने ते फाइलला जोडले, अहवालावरची तारीखही बदलली; आलेखाचा कोड तेवढा पुन्हा चालवायचा राहिला. आजच्या तारखेखाली कालचं चित्र तसंच बसून होतं. आणि याच पाण्यावर माणसांचं रक्त शुद्ध करायचं होतं. एवढा क्लोरीन रक्तात उतरला तर माणूस हातचा जातो.

काकांनी फोन लावून तिच्या हातात दिला. "तू सांग. आकडे तुझे आहेत."

"सिस्टर, मशीन लावू नका! कोणालाच नको. पाण्यात क्लोरीन जास्त आहे. कुणाला लावलं तर नाही ना?"

"तुमच्या अहवालाशिवाय कसं लावू?"

तिने फोन ठेवला. "काका, मी मघापासून तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घालत होते."

"मनातल्या मनात कुठे? तोंडावर वाचता येत होत्या."

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "तुमचे उपकार कसे फेडू, काका?"

"आधी त्या पुढच्या अहवालातला आलेख पुस," काका म्हणाले.

थोड्या वेळाने सिस्टरचाच फोन आला. "बाई, पाणी बदलेपर्यंत इथे बसवून ठेवलंय सगळ्यांना. तुमच्या नावानं खडे फोडतायत. ऐका!"

मागे गलका चालला होता. एक आजोबा तर सगळ्यांच्या वरताण ओरडत होते. तिने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"फोडू द्या, सिस्टर," ती म्हणाली. "चांगले मोठ्यानं फोडू द्या."