दोरीचं दुसरं टोक

पाईप तिला चांगला दिसत होता. समोर वळणावर, अख्ख्या रस्त्याला आडवा पडलेला, काळा, मांडीएवढा जाड. काल संध्याकाळी खोदकामवाले तसाच टाकून गेले असणार. दादाला तो दिसायचा प्रश्नच नव्हता, त्याचे डोळे लहानपणीच तापात गेलेले. म्हणून तर दोघांच्या मनगटांना वीतभर दोरी बांधलेली होती आणि दोघं पावलाला पाऊल लावून धावत होती. बघायचं तिने, पळायचं दोघांनी, असा ठराव होता.

दादा टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी करायचा. "अख्खं गाव शिव्या घालतं, पण एकाचंही तोंड बघावं लागत नाही. देव मोठा आहे!" असं म्हणून स्वतःच हसायचा. धाकट्या बहिणीला तो बारकी म्हणायचा, आणि धावताना 'माझे डोळे'. पुढच्या महिन्यात त्याची शर्यत होती. तिच्यात धावायचं, एवढी एकच हौस त्याने आयुष्यात धरली होती. आधी दोन मित्र त्याच्याबरोबर धावून पाहायला आले, आणि दोघांनीही काढता पाय घेतला. बारकी नसती तर शर्यतीचं नाव काढायची सोय नव्हती.

बारकीचं काय चाललंय, ते मात्र त्याला नीटसं ठाऊक नव्हतं. ती औषधांच्या बाटल्यांवर लेबलं लावायची. एका दुपारी जेवायच्या सुट्टीत तिने घास उचलला, आणि तोंडाकडे येणारा तो हात तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. तेव्हापासून तो परत तिचा झालाच नाही. माणसं, घरं, झाडं होती तिथेच होती, पण कुणीतरी कागदावर काढून उभी केल्यासारखी. ती हसायची, बोलायची, भाजी निवडायची, आणि हे सगळं लांबून बघत बसायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही वेड्या झालेला नाही. होतं असं माणसांना. पळा, घाम येऊ द्या. शरीर थकलं, दुखलं की हळूहळू आपलं वाटायला लागतं."

म्हणून ती पळायची. रोज सकाळी वाट बघायची, आज तरी पोटऱ्या दुखतील, आज तरी ही धाप आपली वाटेल. छाती भात्यासारखी हलायची, पण ती कुणाची ते कळायचं नाही. उलट दम लागला की जग आणखीच लांब सरकायचं. हे दादाला सांगायचं म्हणजे त्याचे डोळे दुसऱ्यांदा काढून घ्यायचे. ते तिच्याने होईना.

"बरं वाटतंय ना गं आता?" तो विचारायचा.

"खूपच," ती म्हणायची. खोटं बोलणाऱ्या त्या बाईचा आवाज तिला गोड वाटायचा.

पाईप जवळ आला. 'थांब' एवढा एक शब्द पुरे होता. पण तिला तो पाईप वाटेचना. रस्त्यावर कुणी कोळशाने रेघ ओढावी, तसा वाटत होता. रेघेसाठी कुणी थांबतं का? ती थांबली नाही.

आधी आकाश फिरलं, मग रस्ता वर आला. मग सगळं शांत झालं.

"काय होतं ते?" दादा कडेच्या गवतात उठून बसत म्हणाला.

"पाईप."

"दिसला नाही तुला?"

"दिसला होता." आता लपवण्यात काही राम नव्हता. "खरा वाटला नाही, दादा. गेले कित्येक महिने मला काहीच खरं वाटत नाही. तूसुद्धा."

त्याचा चेहरा उतरला, तो तिने पाहिला. आता आपल्याला रडू यायला हवं, हेही तिला कळलं. रडू आलं नाही. मग डांबरावर तिला रक्त दिसलं. थेंबांवर थेंब पडत होते आणि त्यांचा ओघळ गवताकडे चालला होता. आपण आपल्या हाताने भावाचा घात केला, असं तिच्या मनात आलं.

"दादा, हलू नकोस. तुला फार लागलंय. रक्त वाहतंय."

दादाने डोकं चाचपलं. कोपरं, गुडघे, नडग्या चाचपल्या. हात कोरडेच राहिले.

"मला काही झालेलं नाही गं. मी गवतावर पडलो," तो म्हणाला. मग दोरी धरून सरकत तो तिच्यापाशी आला. त्याची बोटं तिच्या मनगटावरून दंडावर गेली, दंडावरून मानेवर, मानेवरून हनुवटीवर. तिथे ती ओली, चिकट होऊन थांबली.

"बारके, अगं, हे तुझं रक्त आहे!"

बारकीने त्याच्या लाल झालेल्या बोटांकडे नीट पाहिलं.

"कुणाचं?" तिने विचारलं.