शेवटच्या खड्ड्यातली पपई

शहाद्याजवळच्या वावरात घरच्या बियाण्याची पपई फुलावर आली, तसा नवनीत विळा घेऊन नर झाडं काढायला निघाला. बायको काजल मागोमाग होती.

फूल नखानं उभं चिरायचं. आत बीजांडकोशाची गोल गाठ असली तर झाड मादी. ते ठेवायचं, कारण फळ तिलाच धरतं. नुसते पुंकेसर असले तर नर, तो कापायचा.

पहिल्या ओळीत एकही मादी निघाली नाही. दुसरीतही नाही. दुपारपर्यंत शेवटचं एक झाड सोडून सगळं वावर आडवं झालं होतं.

"आसं कसं व्हयनं?" तो पुटपुटला.

"तुम्हले पोऱ्याच पाहिजे व्हता ना," काजल म्हणाली आणि बांधावर जाऊन बसली.

नवनीतनं मागं पाहिलं नाही. सहा वर्षांपूर्वी गुजरातेतल्या एका दवाखान्यात त्यानं तिच्या पोटातलंही असंच पाहून घेतलं होतं. यंत्रातून टकटक ऐकू येत होती. मुलगी आहे असं कळलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं ती टकटक बंद करवली.

शेवटच्या खड्ड्यातल्या झाडाला एकच फूल होतं. त्यानं ते चिरलं. आत गाठ होती, फिकट पिवळी, हरभऱ्याएवढी. त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं तिच्यावर हलकेच अंगठा टेकवला.

अंगठ्याखाली टकटक होत होती.

"आयकू येस ना?" काजलनं बांधावरूनच विचारलं.

चिरलेल्या फुलात टकटक मंदावत गेली. ती पुरती थांबेपर्यंत नवनीतला अंगठा उचलता आला नाही.