तंबूगाडीची पाहणी

"यावर दोन माणसं मावतात का?" आईने गादीवर मूठ आपटत विचारलं.

"मावतात की," चिरंजीव म्हणाले. "तू तर एकटीच. ऐसपैस लोळ."

आईने आणखी एकदा मूठ आपटली आणि खाली उतरली. चिरंजीवांनी बायकोकडे बघून डोळा मारला. मासा गळाला लागला होता.

तंबूगाडी डोंगरावरच्या पठारावर उभी होती. मोटारीमागे जोडायची लोखंडी पेटीच ती. झाकण उघडलं की वर तंबू उभा राहायचा, कुशीतला खण ओढला की स्वयंपाकघर बाहेर यायचं. चाकं अशी दांडगी की चंद्रावर न्यावीत. पण चिरंजीवांनी घेतल्यापासून ती त्यांच्या सोफ्यांच्या दुकानापुढे डांबरावरच उभी होती. सकाळ-संध्याकाळ तिला फडकं मारणं, यापलीकडे साहस म्हणून काही तिच्या वाट्याला आलं नव्हतं. आज मात्र तिच्यावर मोठी कामगिरी होती. आईला तिच्यात राहायला पटवायचं होतं.

राहायचं म्हणजे कायमचं. आईची खोली तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. तिथे सूनबाईंना नखं रंगवायचं पार्लर थाटायचं होतं. आई भाजीला गेलेली साधून सुतार मापही घेऊन गेला होता. आईने आपलं मागच्या अंगणात, तंबूगाडीत, मोकळ्या हवेत राहावं. घर आईच्या नावावर होतं खरं, पण नाव काय, ते दारावरच्या पाटीवरही शोभून दिसतं, असं चिरंजीवांचं मत. ते दोघं लग्नापासून वरच्या मजल्यावर फुकट राहत होते आणि त्याला आईची सोबत करणं म्हणत होते.

आईने उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूल चालवली. शेजारच्या सीटवर ती, आणि तिच्या पायाखाली तिचा वेगळा ब्रेक. शहरातली निम्मी माणसं त्या ब्रेकचे हिसके खात शिकली. तिला ब्रेकबाईच म्हणत. वाया गेला तो एकच विद्यार्थी, पोटचा. मागे तंबूगाडी जोडलेली असली की रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना. पठारावर मागे घ्यायला लागले की दर वेळी ते दरीकडेच निघायचे. सूनबाई मागे उभं राहून हात हलवत होत्या, कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी आईने चिरंजीवांना बाजूला सरकवलं आणि एका दमात तंबूगाडी दोन दगडांच्या मधोमध अशी बसवली की दगडांना कळलंसुद्धा नाही. चिरंजीवांनी तोंड भरून कौतुक केलं. आज ते कशाचंही कौतुक करायला तयार होते.

मग आईची पाहणी सुरू झाली. शेगडी पेटवून तिने वाऱ्यात ज्योत टिकते का ते बघितलं. टाकीतलं पाणी कितपत पुरतं ते विचारलं. पडद्यांच्या चेन वरखाली ओढल्या. तंबूच्या शिवणींवर बादलीभर पाणी ओतलं आणि आत जाऊन कापडावरून हात फिरवला. थंडीचं काय, म्हणाली. चिरंजीव म्हणाले, जाडजूड पांघरुणं देऊ. आई म्हणाली, पांघरुणं ज्याची त्याने आणावीत. संडासाची सुटी पेटी सूनबाईंनी अशी कौतुकाने दाखवली, जणू नवं बाळच. आईने नाक मुरडून विचारलं, ही रोज रिकामी कोण करणार? मी करीन, चिरंजीव म्हणाले. बरं झालं, आई म्हणाली, जन्मात एक काम तरी अंगावर घेतलंस.

एरवी हा टोमणा त्यांना झोंबला असता. पण ते दुकानदार होते. नावं ठेवणारं गिऱ्हाईकच शेवटी सोफा घेऊन जातं, हा त्यांचा अनुभव होता. आईने नाक मुरडलं की ते मनातल्या मनात पावती फाडत होते.

उन्हं कलली. आई खुर्चीत टेकली. सूनबाईंनी चहा हातात दिला आणि पायाखाली उशीही सरकवली, जी त्यांनी आजवर स्वतःच्या आईलाही दिली नव्हती. त्यांच्या मनात आईच्या भिंतीवर आरसे टांगून झाले होते.

चिरंजीवांनी घसा खाकरला. "मग आई, पसंत आहे ना?"

"पसंत आहे," आई म्हणाली. "एक तारखेला हलायचं."

इतकं सोपं असेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं. सूनबाईंना तर म्हातारीची जरा कीवच आली.

आईने चहाचा शेवटचा घोट घेतला. मग शांतपणे सांगितलं, की वरचा मजला तिने भाड्याने दिलाय. दातांच्या डॉक्टरीणबाई, चांगलं बिऱ्हाड आहे, एक तारखेला राहायला येतायत. तंबूगाडी मागच्या अंगणात लावली तर तिची काही हरकत नाही.

चिरंजीव ताडकन उठले. मग ती शेगडी, ती बादली, ती गादी, हे सगळं कशाला तपासलंस, असं त्यांनी चाचरत विचारलं.

"म्हणजे काय?" आई म्हणाली. "पोटचा पोरगा आहेस. बघितल्याशिवाय उघड्यावर कसा टाकू?"