सांगायची जागा

समुद्रावर सांगायचं नाही, हे पहिल्या पाच मिनिटांतच ठरलं. धाकटा पाच वर्षांचा होता आणि समुद्र त्याने अजून पाहिलेला नव्हता. समुद्र पहिल्यांदा दिसला आणि त्याच दिवशी आईबाबा वेगळे होणार असल्याचं कळलं, तर पुढे जन्मभर लाट दिसली की पोर पाठ फिरवेल. बापाने नकाशावर समुद्राला पेन्सिलीने फुली मारली. समुद्र बराच मोठा होता. तीन फुल्या लागल्या.

रविवारची टळटळीत दुपार होती. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या पालथ्या. आतल्या खोलीत मुलं बॅगा भरत होती. म्हणजे थोरली भरत होती आणि धाकटा उपसत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडीने जायचं, चांगले अकरा दिवस, हे मुलांना कधीचं कबूल केलेलं होतं. वेगळं व्हायचं, हे नवराबायकोने महिन्यापूर्वी ठरवलं होतं. सहलीतच मुलांना सांगायचं आणि परत आल्यावर बाप डेपोजवळच्या दोन खोल्यांत राहायला जाणार. कुठे सांगायचं, तेवढंच राहिलं होतं. घोडं तिथेच पेंड खात होतं.

बाप बस डेपोत वेळापत्रकं करायचा. या कामासाठी त्याने सव्वा तास धरला होता. सांगणे दहा मिनिटं, रडणे पंचवीस, प्रश्न वीस, इतर वीस. बायकोने कागद वाचला आणि इतर म्हणजे काय, असं विचारलं. ते त्यालाही माहीत नव्हतं. प्रत्येक वेळापत्रकात इतर असतंच, असं तो म्हणाला.

जागेचा नियम मात्र तिचा. ती लसीकरण केंद्रात नर्स होती. मूल सुई विसरतं, जागा विसरत नाही, हे तिचं चौदा वर्षांचं शहाणपण. मुलांनी हसावं म्हणून केंद्राच्या भिंतीवर कोणीतरी भलामोठा हत्ती रंगवला होता. हत्तीकडे बघ म्हणायचं आणि दंडात सुई टोचायची. आता त्या भागातली सहा-सातशे मुलं हत्ती दिसला की दंड झाकतात. तेव्हा जिथे सांगू ती जागा मुलांपुरती मेली, असं धरूनच चालायचं होतं. अकरा दिवसांतली एक जागा बळी द्यायची. कोणती, एवढाच प्रश्न.

प्राणिसंग्रहालय बाद. तिथे हत्तीही होता, म्हणजे दुहेरी नुकसान. किल्ला बाद, कारण थोरलीला मोठेपणी किल्ल्यात राहायचं होतं आणि कोणता बुरूज कोणाचा, हेही ठरलेलं होतं. धबधब्यापाशी आवाजामुळे दोनदा सांगावं लागलं असतं; एकदा सांगण्याचं बळच कसंबसं गोळा झालेलं. गाडीत सांगावं तर पुढे कित्येक दिवस त्याच गाडीत बसायचं, आणि चालत्या गाडीतून कोणाला रागाने उठून जाता येत नाही. वाटेत आजीचं घर होतं, बायकोच्या माहेरचं. जावयाला चार शब्द सुनवायला सासूबाई एका पायावर तयार झाल्या असत्या. पण पुढे कधी रडू आलं तर मुलांना जायला एक तरी घर धड हवं, असं बायको म्हणाली. बापाने फुली जरा जोरात मारली. पेन्सिलीचं टोक मोडलं.

मग निघण्याआधी इथेच सांगून टाकू, असं त्याने सुचवलं. मुलांना इथेच राहायचंय, असं तिने हळूच सांगितलं.

दोन तासांत दोघांचं प्रत्येक मुद्द्यावर एकमत झालं. गेल्या चार वर्षांत त्यांचं एवढं कशावरच झालं नव्हतं, पंख्याच्या वेगावरही नाही. नकाशावर आता फुली नसलेलं ठिकाण उरलं नव्हतं. जिथे बघावं तिथे मुलांचं काहीतरी आवडतं निघत होतं. घर जरा वाईट असतं तर पाच मिनिटांत उरकलं असतं, असं बापाला वाटलं.

रद्द करू या का, असं त्याने विचारलं. काय, असं तिने विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत ती हलली नाही. सहल, तो म्हणाला. तिने मान खाली घातली आणि मोडलेलं टोक बोटाने टिपून घेतलं.

तेवढ्यात थोरली चिकटपट्टी मागायला आली. ती नऊ वर्षांची होती. नकाशा बघून तिने फुल्या कसल्या म्हणून विचारलं. तिथले रस्ते खराब आहेत, असं बापाने ठोकून दिलं. समुद्रातले पण का, असं तिने विचारलं.

बाई उत्तरं तपासतात तसं एकेका फुलीवर बोट ठेवत ती समुद्रापासून आजीच्या घरापर्यंत आली. मग आतल्या खोलीकडे एकदा बघून तिने आवाज खाली केला.

"छोटूला मी मागच्या आठवड्यात गच्चीवर सांगितलं. आता तो गच्चीवर येतच नाही."

आईने चिकटपट्टी धरलेला हात तिच्याकडे पुढे केला. थोरलीने त्या हातातून चिकटपट्टी घेतली आणि ती जायला वळली. दारात मात्र थांबली.

"तुम्ही पेट्रोल पंपावर सांगा," ती म्हणाली. "तिथलं आम्हाला काहीच आवडत नाही."