नवा पासवर्ड

रुग्णालयाच्या सर्व्हरमध्ये कुणीतरी घुसून सगळ्या रुग्णांची माहिती चाळून गेलं होतं. संगणक विभाग सांभाळणाऱ्या ताईंनी जुनं यंत्र बंद केलं, कोरं करकरीत नवं बसवलं आणि इंटरनेटची वायर स्वतःच्या हातानं उपटून टाकली. आता फक्त पासवर्ड द्यायचा राहिला होता.

“आटपा ताई, ऑपरेशनं खोळंबलीयत,” डॉक्टर दारातूनच म्हणाले.

ताईंनी पासवर्ड टाकला. पडद्यावर उमटलं: हा पासवर्ड आधी वापरलेला आहे.

“आज खोक्यातून काढलेल्या यंत्रावर?” त्या पुटपुटल्या. त्यांनी दुसरा टाकला. पुन्हा तेच.

मग त्यांनी एक नाव टाकलं. जन्मताच गेलेल्या आपल्या लेकीसाठी ते त्यांनी मनातल्या मनात ठेवलं होतं. नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

हा पासवर्ड आधी वापरलेला आहे.

ताईंनी ती ओळ पुन्हा वाचली.

“काय झालं?” डॉक्टर जवळ आले.

ताईंनी कीबोर्डवरचे हात उचलले आणि मांडीवर घट्ट धरून ठेवले. काही झालं तरी आता काही टाइप करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. तरी मनात एक नवा शब्द आलाच.

तो पुरता जुळायच्या आतच समोरच्या पासवर्डच्या रिकाम्या चौकटीत एकेक ठिपका उमटू लागला.