आधी चेहरे
चर्चच्या मोठ्या खिडकीला शिडी लावलेली दिसली, म्हणून मी आत शिरले. तिथल्या रंगीत काचेतलं नोहाचं तारू मी लहानपणापासून पाहत आले आहे. शिडीवरचा कारागीर मला बघून हसला. “घाबरू नका आजी, नोहाला आंघोळ घालायला नेतोय. चाळीस दिवस पावसात राहिला, तरी मळकाच!” मलाही हसू आलं. मग वर पाहिलं. नोहाच्या, त्याच्या बायकोच्या, सुनांच्या चेहऱ्यांच्या जागी भोकं होती. काचांची खालची धुळकट ओळ मात्र जागच्या जागी होती. माझे वडील हेच काम करत. काच धुवायची असली की ते खालच्या ओळीपासून सुरुवात करत. फक्त एकदाच त्यांनी आधी चेहरे काढले होते. “वेळ थोडा आहे, निदान चेहरे तरी वाचावेत,” असं म्हणाले होते. तेव्हा मी सात वर्षांची होते. त्यानंतर नवव्या दिवशी विमानं आली, बॉम्ब पडले, आमची अख्खी गल्ली गेली. मी विचारलं, “धुवायलाच नेतोयस, तर खालची ओळ का सोडलीस रे?” त्याचं हसू मावळलं. दोन पायऱ्या उतरून तो हळूच म्हणाला, “आजी, हे कुणाला कळता कामा नये. आम्हाला परवापर्यंतचीच मुदत आहे.” घरी आले तर लेक नव्या पडद्यांसाठी खिडकीचं माप घेत होती, नातीने टेपचं दुसरं टोक धरलं होतं. मी लेकीच्या हातातली टेप काढून घेतली. म्हटलं, “पडदे राहू देत. आधी पोरीचे चालायचे बूट बाहेर काढ.”